राहीबाईचा हलफनामा

राहीबाई ही पंकजची आई नाही, हे पटवून द्यायला कॅनडाच्या ऑफिसनं तीस दिवसांची मुदत दिली होती. त्यातले अकरा दिवस कापसानं खाल्ले.

त्याला इलाज नव्हता. दुसरा वेचा ऐन भरात आलेला. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता, आभाळ दोन दिवसांपासून धुरकट होतं, आणि एक सर जरी येऊन गेली असती तरी पांढऱ्याचं पिवळं व्हायला वेळ लागला नसता. मजूर मिळत नव्हते. म्हणून राहीबाई आणि जयवंताबाई एक दिवस हिच्या वावरात, एक दिवस तिच्या, अशा दोघीच वेचत होत्या. दोघींच्या वावरांमध्ये एक धुरा होता, घरांमध्ये एक भिंत होती आणि दोघींमध्ये मिळून एक पोरगा होता. पोरगा तेहतीस वर्षांचा, बायको आणि तान्ह्या लेकीसकट कॅनडात. तिथं तो ट्रकांच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसायचा. ट्रक कुठं चालले ते खुर्चीत बसून पाहायचे, एवढंच खडकी गावाला त्याच्या नोकरीबद्दल समजलं होतं, आणि तेवढ्यावर गाव खूश होतं.

बाराव्या दिवशी दुपारी जयवंताबाईनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि कंबर सरळ केली.

"राही, आज जाऊ वं जैनथले. दौलतचा दोनदा फोन येऊन गेला."

"माह्यं तास तं पुरं होऊ दे."

"तुह्या तासाले कॅनडावाले थांबून राह्यले काय?"

"मंग कापूस थांबून राह्यला काय?"

 जयवंताबाई शेजारच्या तासात, कपाशीच्या ओळीत, वाकली आणि राहीबाईचं उरलेलं वेचू लागली. वाळलेल्या बोंडाची टोकं दोघींच्या नखांच्या कडेला टोचून टोचून बोटांना बारीक काळ्या चिरा पडल्या होत्या. त्या बोटांनी त्या कापूस मात्र असा ओढायच्या की बोंडाला पत्ता लागू नये.

गोष्ट अशी होती. यशवंतराव, म्हणजे जयवंताबाईचा मालक, मागच्या पोळ्याला गेला. तेव्हापासून ती घरात एकटी. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकायला आलेला. पंकजनं तिला कायमचं तिकडं न्यायचं ठरवून अर्ज टाकला. अर्जात आईचं नाव लिहिलं जयवंताबाई. त्याच्या पासपोर्टात आईचं नाव होतं राहीबाई. तिकडच्या लोकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सभ्य भाषेत विचारलं, यातली कोणती?

दौलतचं दुकान जैनथच्या बसथांब्याजवळ होतं. इकडची गावं मराठी बोलायची, पण सरकारी कागद तेलुगूत निघायचे. पत्र्याची खोली, एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, आणि चार मंडळांतले, म्हणजे छोट्या तालुक्यांतले, वारस, जात, उत्पन्न आणि मरण यांचे फॉर्म. दौलत अठ्ठावीस वर्षांचा होता आणि दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या रिकाम्या जागा भरून पोट भरायचा. त्यानं दोघींना स्टुलावर बसवलं आणि कागद मांडले.

"हा दहावीचा मेमो, मार्कांचा. हे पाहा तेलुगूत, तल्लि पेरु, म्हणजे आईचं नाव. राहीबाई. हा पासपोर्ट. राहीबाई. हे फोनचं सिम. राहीबाई. आठवड्याले येते तो कॉल बी याच नंबरवर. आता फोटो पाहू."

जयवंताबाईनं फोटो पदरात बांधून आणले होते. दौलतनं ते एक एक करून टेबलावर ठेवले. बैलाच्या पाठीवर बसवलेला पंकज, धरायला राहीबाई. दहावी पास झाला तेव्हा शाळेत हार घातलेला पंकज, एका बाजूला यशवंतराव, दुसऱ्या बाजूला राहीबाई. हैदराबादला नोकरी लागली तेव्हा पेढा भरवताना राहीबाई. एका फोटोत मागं चुलीजवळ अर्धी पाठ दिसत होती.

"हे कोण?"

"मी," जयवंताबाई म्हणाली.

दौलतनं तो फोटो वेगळा काढला. थोडा वेळ पाहिला, आणि परत गठ्ठ्यात टाकला. "पाठीवरून आई धरत नाई ते."

मग तो हसत म्हणाला, "काकू, खरं सांगू का? राहीकाकूलेच जाऊ द्या. यांचे सगळे कागद तयार हाय. एक अंगठा अन् विमान."

दोघी हसल्या नाहीत. दौलतनं मशीनमधला कागद उगाच सरळ केला.

"कागदानं नाई भागलं तं दुसरा काई रस्ता हाय?" राहीबाईनं विचारलं.

"हाय. थुंकीची तपासणी. पण त्याची तारीख भेटालेच दोन-तीन महिने लागतीन, अन् आपली मुदत राह्यली अठरा दिवस. आधी कागद देऊ."

"थुंकीवरून आई कळते?"

"सगळं कळते."

"बरं झालं तवा नव्हती ते तपासणी," जयवंताबाई म्हणाली. "सटवीले बी कळलं असतं."

दौलत पलीकडच्या मंडळातला. त्याला काही समजलं नाही. "पण असं केलंच काऊन तुमी?" त्यानं विचारलं, आणि मग त्याला तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकावी लागली.

जयवंताबाईची तीन लेकरं लहानपणीच गेली होती. एक पाचव्या दिवशी, एक सव्वा महिन्यानं, एक चालायला लागल्यावर. चौथ्या खेपेला रुक्माबाई सुईणीनं सांगितलं, की हे तुझ्या नावावर ठेवू नको, तुझं नाव वर माहीत झालं आहे. पोरगा झाला त्या सकाळी त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला. तिथून 'जात' होती राहीबाई. तिला मूल नव्हतं, म्हणून तीच पाहिजे होती. कुणाचं तरी टाकलेलं पोर सापडलं म्हणून तिनं उचललं आणि आपल्या घरी नेलं. दुपारी जयवंताबाई ओली बाळंतीण भिंत धरत तिच्या दारात गेली आणि विचारलं, बाई, तुझ्या लेकराला पाजायला कुणी पाहिजे का? राहीबाईनं तिला दाई म्हणून ठेवलं. दर अमावस्येला एक मापटं जवारी मजुरी. ती मजुरी तिनं वर्षभर दिली. न चुकता, दारात उभं राहून, कुणीतरी वरून पाहत असल्यासारखी.

पोरगा जगला. राहीबाईला माय म्हणू लागला, जयवंताबाईला मावशी. झोपायचा यशवंतरावाच्या घरी, रुसला की भिंतीपलीकडं राहीबाईकडं. जयवंताबाईनं त्याला कधी चारचौघांत माझा म्हटलं नाही. त्याचं नाव होतं उकिरड्या. शाळेत घालताना मास्तरांना ते बरं वाटलं नाही. मास्तर शिकलेले होते. चिखलातून वर येतं ते पंकज, असं म्हणून त्यांनी उकिरड्याचा पंकज केला आणि त्याच सपाट्यात विचारलं, आई कोण? यशवंतराव गप्प राहिला. राहीबाईनं अंगठा दिला.

"म्हणजे सरकारी कागदावर..." दौलत म्हणाला.

"सरकारले बी फसवा लागते ना बापा," जयवंताबाई म्हणाली. "त्याच्याकडून वर कळलं असतं तं?"

दौलतनं सांगितलं की शाळेचं काही मिळतं का पाहा, आणि हलफनामे करा, म्हणजे शपथेवरचे कागद, दोघींचे आणि त्या सुईणबाईचा, जिवंत असली तर.

दुसऱ्या दिवशी कापूस ठेवून त्या शाळेत गेल्या. हेडमास्तर हर्षदीप सर तरुण होते, आणि आदिलाबादहून मोटरसायकलवर यायचे. त्यांनी लोखंडी कपाटातून प्रवेश रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ खिडकीबाहेर झटकली आणि पान उघडलं. सत्त्याण्णव साल. पंकज. बाप यशवंतराव. आई राहीबाई. पुढं एक निळसर, बसक्या वांग्यासारखा ठसा.

"आणि तुमचे मिस्टर?" सरांनी राहीबाईला विचारलं.

"फकिरा. त्या वर्षी व्हते ते. नंतर वारले."

सरांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं, एकदा राहीबाईकडे, आणि मग बराच वेळ खिडकीतून हँडपंपाकडे. बाजूच्या टेबलावरचा कारकून मान खाली घालून हसला. तेव्हा राहीबाईच्या लक्षात आलं की या पानावर काय लिहिलं आहे. सत्तावीस वर्षं ते कपाटात होतं, आणि कुणी कपाट उघडलं असतं तर ती आणि यशवंतराव त्यात एकाच ओळीत सापडले असते. तिनं पदर पुढं ओढला. यशवंतराव तिला उभ्या आयुष्यात वहिनी म्हणाला होता, तेही भिंतीपलीकडून.

"हे बदलून द्या ना सर," जयवंताबाई म्हणाली.

"बाई, मला बदलता येत नाही. जे लिहिलेलं आहे त्याची नक्कल देता येते."

"पण ते खरं नाई."

"ते खरं नसेल. पण लिहिलेलं आहे." सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पत्र दिलं, की गावात चौकशी केली असता पंकजची जन्मदात्री जयवंताबाई असल्याचं सर्व जण सांगतात. शिक्का मारला. कारकुनानं शिक्क्याची शाई मागं सरकवताना राहीबाईला विचारलं, "माय, तुमाले पेन्शन भेटते का?" तिला तो टोमणा आहे की चौकशी ते कळलं नाही. तिनं "भेटते" म्हटलं.

पुढचा दिवस जयवंताबाईच्या वावरात गेला. सकाळचं दव कापसावर होतं तोवर दोघी धुऱ्याच्या बांधावर बसून राहिल्या. ओला कापूस वेचला तर गाठोड्यात तापतो. राहीबाई समोर पाहत होती. दौलतचं बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. एक अंगठा अन् विमान. तिनं मागं एकदा पंकजला विचारलं होतं, तिकडं बर्फात बाया लुगडं कसं नेसतात. तो हसला होता, आणि म्हणाला होता, माय, इथं पँट घालावी लागते. त्या दिवशी संध्याकाळी तिनं घरात, दार लावून, फकिराचा जुना पायजमा अंगाला लावून पाहिला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तूच जाय," जयवंताबाई एकाएकी म्हणाली.

"कोठी?"

"पंकजकडे. कागद तुह्ये हाय. नातीले तूच पाहा. मी राह्यतो इथं."

"अन् ते डोळे?"

"डोळ्याचं काय. वावर तं पाठ हाय मले."

राहीबाई लगेच नाही म्हणाली नाही. बोट तोंडात घालून चिरेतली कुसळ तिनं दातानं काढली, थुंकली. तिला जायचं होतं. हे तिला तिथंच, त्या धुऱ्यावर, लख्ख कळलं, आणि कळल्यावर फार लाज वाटली. ती म्हणाली, "पोराले विचारलं काय तू?"

"त्याले काय विचारा लागते? माय हाय तू त्याची."

"अर्जात नाव कोनाचं लिवलं त्यानं?"

जयवंताबाईनं धुऱ्यावरचं गवत मुठीनं उपटलं.

"मंग," राहीबाई म्हणाली, आणि कंबरेला ओटी बांधून तासात शिरली. दव अजून पुरतं वाळलं नव्हतं.

रुक्माबाई सुईण जिवंत होती. ऐंशीच्या वर गेलेली, सुनेच्या घराच्या ओसरीवर ऊन सरकेल तशी सरकत बसलेली. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण गावातल्या अर्ध्या लोकांना ती अजून त्यांच्या जन्मवेळेच्या भानगडींनी ओळखायची. हा पायाळू, ही नाळ गुंडाळलेली, तो रडला नाही म्हणून चापट्या मारलेला. त्यात सरपंचही आले. दोघींनी तिला सगळं सांगितलं. आदिलाबादला वकिलापुढं यावं लागेल, अंगठा द्यावा लागेल. तिनं ऐकून घेतलं.

"पोरगा सोडवला काय?"

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"देऊन टाकलेला पोरगा लग्नाच्या हळदीले सोडवा लागते. सूपभर जवारी दे, लुगडं दे, अन् माग वापस. सोडवला काय?"

लग्न झालं होतं ते हैदराबादला, कोरोनाच्या साली, दहा माणसांत, तोंडाला फडकी लावून. नवरी मंजुषा चांगली पोरगी होती, पण तिच्या माहेरी हळद अर्ध्या तासात झाली. सोडवणुकीची आठवण कुणाला राहिली नाही. राहीबाईला राहिली होती. पण आपलं आपण कसं म्हणायचं, की या, सोडवून न्या. म्हणून ती बोलली नाही. खरं तर म्हणून नाही. पण तिनं स्वतःला कारण ते दिलं होतं.

"नाई सोडवला," जयवंताबाई म्हणाली.

"मंग पोरगा आजच्या तारखेले राहीचा हाय. अन् मी वकिलापुढं हलफ घेऊन सांगू का जयवंताचा हाय म्हणून? या वयात खोटं बोलाले लावता का मले?"

"पण माय, जन्म तं मीच..."

"जन्म तू देल्ला. म्याच काढला, मले नको सांगू. पण मंग देऊन टाकला ना? देल्लेलं वापस घेतल्याबिगर तुह्यं कसं होते?"

कॅनडाच्या ऑफिसनं जे विचारलं होतं ते साधारण हेच होतं. फक्त त्यांनी ते इंग्रजीत विचारलं होतं.

"पोरगा तिकडं हाय," राहीबाई म्हणाली. "सुपात कोनाले ठेवू?"

"आवाज येते ना त्याचा? तोंड दिसते ना त्या डब्यात? मंग डबा ठेव."

त्याच दिवशी सूर्य कलल्यावर राहीबाईच्या अंगणात ते झालं. तिकडं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रुक्माबाईला सुनेनं धरून आणलं. जयवंताबाईनं आपल्या कणगीतली जवारी आणली. सूप राहीबाईच्या घरचं होतं, ते रुक्माबाईनं हातानं चाचपून पाहिलं आणि बाजूला सारलं.

"हे नाई. सूप बी जयवंताच्याच घरचं पायजे. नेणारीनं आपलं भांडं आणा लागते."

जयवंताबाई भिंतीला वळसा घालून आपलं सूप घेऊन आली. त्यात जवारी ओतली. जवारीवर घडी घातलेलं हिरवं लुगडं, आणि लुगड्यावर फोन, उताणा. फोनमध्ये पंकजचं तोंड होतं. झोपेतून उठलेलं, दाढी वाढलेलं, मागं पांढरी भिंत.

"माय? काय चालू हाय? मले तं आभाळच दिसून राह्यलं."

"गप राय," राहीबाई म्हणाली. "सुपात हाय तू."

"काय?"

"बोलू नोको म्हनते रुक्मामाय."

तो गप्प झाला. फोनमधून कुठं तरी पोर रडल्याचा आणि मंजुषा तिला उगी करत असल्याचा आवाज येत होता. जयवंताबाई सुपाच्या पलीकडे उभी राहिली. तिला तेहतीस वर्षांपूर्वी दारात उभं राहून बोललेलं आठवत होतं, पण हे बोलणं वेगळं होतं. रुक्माबाईनं सांगितलं तसं ती म्हणाली.

"बाई, तुह्यं लेकरू मले देतं काय?"

राहीबाईनं उत्तर द्यायचं होतं. एकच शब्द होता. अंगणात कोंबडी जवारीच्या दोन सांडलेल्या दाण्यांकडे तिरकी येत होती. राहीबाईनं तिला पायानं हाकललं. कोंबडी परत आली. राहीबाईनं परत हाकललं.

"राही," रुक्माबाई म्हणाली.

"देल्लं."

"तीनदा."

"देल्लं. देल्लं."

तिनं वाकून सूप उचललं. जवारीनं ते जड झालं होतं. जयवंताबाईच्या हातात देताना फोन एका बाजूला घसरला आणि पंकज म्हणाला, "माय, मी पडतो ना वं." मग नेटवर्क गेलं. चेहरा तसाच थांबला, तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. तो थिजलेला चेहरा घेऊन जयवंताबाई भिंतीला वळसा घालून आपल्या घरात गेली.

रुक्माबाई म्हणाली, "आता चाला कुठं यायचं ते."

मुदतीचे अकरा दिवस उरले असताना एक ऑटो ठरवून त्या आदिलाबादला गेल्या. रुक्माबाईला मध्ये बसवलं. दौलत ड्रायव्हरच्या बाजूला, मांडीवर फाईल. वकील भगवानराव कोर्टाच्या भिंतीला लागून टिनाच्या शेडमध्ये बसायचे. टेबल, दोन बाकडी, टायपिंगचा एक माणूस. भगवानरावांचे आजोबा निजामाच्या कचेरीत होते. ते अजून ॲफिडेव्हिटला हलफनामा म्हणायचे, साक्षीदाराला गवाह, आणि अशिलाला बसा म्हणायच्या आधी आधार कार्ड मागायचे.

रुक्माबाईचं काम पाच मिनिटांत झालं. तिनं न विचारलेलंही सांगितलं. पोरगा उताणा आला, वजन मोठ्या कोंबड्याएवढं, रडला तो थांबेचना. टायपिंगवाल्यानं त्यातलं कामाचं तेवढं घेतलं.

मग जयवंताबाई.

"पंकज हा तुमच्या पोटचा मुलगा आहे?" भगवानरावांनी विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला सही करता येत नाही. हलफ आहे हा. पंकज तुमचा मुलगा आहे की नाही?"

जयवंताबाईनं वर पाहिलं. शेडच्या टिनाला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा कवडसा टेबलावर पडला होता. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. बाकड्यावर वाट पाहणारे दोन-तीन लोक वळून बघू लागले. आपल्या पोराचं नाव घ्यायला अडखळणारी आई त्यांनी पाहिली नव्हती, आणि टायपिंगवाल्यानं तर दौलतकडे पाहून भुवई उडवली.

"म्हन," राहीबाई म्हणाली. "आता काई होत नाई."

"नक्की ना वं?"

"मोठा झाला तो. आता कोनी नेत नाई त्याले. म्हन."

"माह्या हाय," जयवंताबाई टेबलाकडे बघत म्हणाली. "माह्या पोटचा हाय." आणि बाकड्याची कड घट्ट धरून बसली, काही तरी कोसळेल म्हणून. काही कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी चहावाल्याला हाक मारली.

राहीबाईची पाळी आली. कागद इंग्रजीत टाईप झाला होता. भगवानरावांनी तो मराठीत वाचून दाखवला.

"मी राहीबाई, पती फकिरा, मयत, वय अंदाजे बासष्ट, धंदा शेती, हलफेवर लिहून देते की पंकज वल्द यशवंतराव याला मी जन्म दिलेला नाही. शाळेच्या दाखल्यात माझं नाव रिवाजामुळं लागलं. सदर पंकजवर माझा आई म्हणून कसलाही हक्क पूर्वी नव्हता, आज नाही आणि पुढं राहणार नाही."

"ते पूर्वीचं काढा," राहीबाई म्हणाली.

"कोणतं?"

"पूर्वी नव्हता, ते. व्हता. परवापर्यंत व्हता."

भगवानरावांनी चष्मा कपाळावर घेतला. "बाई, तिकडच्या लोकांचा गोंधळ होईल अशानं."

"हलफ हाय म्हनता ना?"

"हलफ आहे."

"मंग खोटं कसं लिवू?"

दौलत घाईघाईनं काही सांगायला गेला, पण रुक्माबाईनं बाकड्यावरूनच म्हटलं, "बरोबर बोलून राह्यली ते." भगवानरावांनी दौलतकडे पाहिलं, मग राहीबाईच्या हातांकडे. मग पेन उघडून 'पूर्वी नव्हता' एवढं खोडलं आणि बाजूला आपली बारीक सही केली. त्यांच्या वकिलीत कागदातून एवढ्या मायेनं काही खोडण्याचे प्रसंग कमी आले असावेत.

"आता शेवटचं. मुलाशी तुमचं नातं काय, तो रकाना रिकामा आहे. काय लिहू?"

राहीबाईला हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मावशी म्हणावं तर मावशी आजवर जयवंता होती. दाई तर तीच होती. धुरा, भिंत, सूप, अमावस्येची जवारी, यातलं रकान्यात मावेल असं काही तिला सापडेना. टायपिंगवाल्याची बोटं चालायला तयार होती.

"शेजारीन," ती म्हणाली.

टायपिंगवाल्यानं ते इंग्रजीत बडवलं. एकच शब्द होता, लगेच झाला. "अम्मा, इक्कड," त्यानं बोट ठेवून जागा दाखवली, "वेलिमुद्र." अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला. कापसानं कातडं इतकं चिरलं होतं की ठसा मधूनमधून तुटला. भगवानरावांनी आणखी एकदा घ्यायला लावला. दोन ठसे बाजूबाजूला उमटले, आणि शिक्का बसला.

ऑटो परत जैनथला आला तेव्हा चार वाजले होते. दौलतनं दुकान उघडलं, तिन्ही हलफनामे मशीनवर ठेवून एक एक करून कॉम्प्युटरमध्ये घेतले, हर्षदीप सरांचं पत्र जोडलं आणि पंकजला पाठवून दिले. जयवंताबाई आणि रुक्माबाई ऑटोतच बसून होत्या. रुक्माबाईला लघवीची घाई झाली होती आणि तिनं ते रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

राहीबाई दुकानाच्या पायरीवर थांबली.

"दौलत, त्या माह्या कागदाची मले एक झेरॉक्स दे."

"कोनत्या? शेजारीनवाल्या?"

"हव."

"काकू, तो कागद तं तुमी त्याच्या माय नाई असं म्हणते. तुमाले कायले पायजे?"

"बाकीच्या कागदावरून माह्यं नाव काढतीन ना आता?"

"काढाच लागते. पासपोर्टातून, सगळीकडून. नाई तं पुन्हा हाच घोळ."

"मंग एवढ्या एकाच कागदावर राह्यते. त्याचं बी नाव हाय, माह्यं बी हाय."

 दौलतनं कागद काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं आणि काळ्या बटणाकडे हात नेला.

"रंगीत काढ," राहीबाई म्हणाली. "अंगठा निळा आला पायजे."